रजेच्या फाइलीतली माझी ओळ

एका मुलीनं मला भर दुपारी सरळ प्रश्न विचारला होता आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं पाळ्या केल्या त्यांनाही नाही. ज्या कैद्याची ती मुलगी, त्याला अलीकडे बाकीचं सगळं सांगितलं. एवढं मात्र त्याच्यापासूनही लपवलं.

मी जेलमध्ये नोकरीला आहे. शिपाई म्हणून लागलो, आता हवालदार. जेल कोणतं ते लिहिणार नाही. सोलापूरकडचं म्हणा, पुरे. गाव मंद्रूपकडचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि दोन्ही भाषांत मी कमी बोलणारा. आमच्या पहिल्या सुभेदारांना ते आवडलं होतं. जुना माणूस, खाकीतच म्हातारा झालेला. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, कैद्याकडे पाठ करायची नाही आणि जे कानावर पडेल ते पाळी संपायच्या आत रिपोर्ट वहीत लिहायचं.

"का लिहायचं, म्हाईत हाय का?" ते म्हणाले. "उद्या आत काय झालं तर साहेब तुला इचारणार, तुला ठावं होतं का? व्हय म्हणालास तर गेलास. न्हाय म्हणालास तरी गेलास. वहीत आसंल तरच वाचलास."

ते खोटं नव्हतं. माझ्याच बरोबर भरती झालेला एक जण असा गेला. एक कैदी रजेवर जाण्याआधी त्याच्यापाशी बोलला होता की मी काही परत येत नाही. ह्यानं थट्टा समजून सोडून दिलं. कैदी खरंच आला नाही. चौकशीत दुसऱ्या कैद्यानं सांगितलं की हवालदारांना माहीत होतं. झालं. वर्दी उतरली, क्वार्टर गेलं, बायको माहेरी गेली. त्या दिवसापासून मी कैद्याचं शिंकणंसुद्धा लिहायला लागलो.

आम्ही ऐकत नव्हतो असं कुणी म्हणू नये. आमच्याइतकं कुणीच ऐकत नाही. फक्त पकडायला ऐकायचो.

मग वरून हुकूम आला की आता कैद्यांना सुधारायचं. गेटवरची पाटी पुसून नवी रंगवली, तीत 'सुधार' आणि 'पुनर्वसन' असे दोन शब्द वाढले. पाटीखालचं कुलूप तेच. आतली माणसं बराकीत मावत नव्हती तशीच मावत नव्हती. एका पाळीला आम्ही जितके असायला हवेत त्याच्या निम्मे होतो, तितकेच राहिलो. आणि आम्ही सुधारणारे व्हावं म्हणून आम्हाला शिक्षण किती दिलं? दोन दिवस. एक दिवस पोहे, एक दिवस उपमा.

शिकवायला एक ताई आल्या होत्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या. मन लावून शिकवत होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणाल्या, "आजपासून आपण पहारेकरी नाही. आपण बदलाचे साथीदार आहोत."

मागच्या रांगेतून आमचा एक जण पुटपुटला, "मग किल्ल्या कुणाकडं देऊ बे?"

सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या. मग त्यांनी सांगितलं की प्रत्येकाला दहा कैदी दिले जातील. आपण त्यांचे पालक अधिकारी. आठवड्यातून एकदा प्रत्येकाबरोबर बसायचं, काठी बाजूला ठेवून, समान उंचीच्या खुर्चीवर. अरे-तुरे करायचं नाही. "ऐका. उत्तर देऊ नका, निवाडा करू नका. ते जे सांगतील ते तुमच्या दोघांत राहील."

मग दर बैठकीनंतर भरायचा एक फॉर्म त्यांनी वाटला. दोन दिवसांत मी एकच प्रश्न विचारला. "मग हा फॉर्म कशाला?"

"तो समुपदेशकांकडे जाईल, सर. प्रगती बघायला. दुसरं कुणी वाचणार नाही."

समुपदेशक! त्या पदावर आमच्याकडे माणूसच नव्हता. तेव्हाही नव्हता, आज हे लिहितोय तेव्हाही नाही. जागा मंजूर, टेबल आलेलं, खुर्ची आलेली, भिंतीवर कारंज्याचं चित्र टांगलेलं. माणूस तेवढा नाही. मग फॉर्म जायचे कुठे? ऑफिसात क्लार्ककडे. क्लार्कनं काय करावं? त्याच्याकडे प्रत्येक कैद्याची एक फाइल असते, त्यानं फॉर्म त्या फाइलीत लावून टाकले. दुसरीकडे ठेवायला सांगितलंच नव्हतं कुणी. योजना आखणाऱ्या एकाही शहाण्याला हे दिसलं नाही. मला दिसलं होतं. मी बोललो नाही.

माझ्या दहांत एक विणकर होता. सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. आतल्या हातमागाच्या शेडमध्ये तो इतरांना सतरंज्या विणायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मीही इथे तेच म्हणतो. दारूच्या भांडणात त्यानं बायकोच्या धाकट्या भावाला ठार मारलं होतं. मास्तरला एकुलती एक मुलगी. ती त्या मामाच्याच खांद्यावर बसून वाढलेली. बायको मुलाखतीला यायची, जाळीच्या पलीकडे उभी राहून रडायची, पण यायची. मुलगी सात वर्षांत एकदाही आली नव्हती.

पहिल्यांदा बसलो ते शेडमागच्या लिंबाखाली. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. काठी आत ठेवून आलो होतो आणि हात कुठे ठेवावेत तेच कळेना. शेवटी म्हणालो, "जेवलात का?"

मास्तरनं मागे वळून बघितलं. "कुणाला म्हणालात साहेब?"

"तुम्हालाच."

"तुम्ही अहो-जाहो करायलात की माझ्या पोटात गोळा येतो ओ. माझी बदली-बिदली लागली का काय दुसऱ्या जेलला?"

मी हसलो. ड्यूटीवर कैद्यासमोर हसायची माझी ती पहिलीच वेळ असावी. लिंबाच्या पलीकडून जाणारा आमचा एक शिपाई ओरडला, "काय गुरुजी, आज कुणाला सुधारलं?" त्यालाही हसू आलं, मास्तरलाही.

अहो-जाहो मात्र माझ्या जिभेवर बसेना. ताई भेटीला आल्या की तुम्ही, बराकीत शिरलो की तू, आणि लिंबाखाली मी काही म्हणायचोच नाही. "बरं आहे ना?", "झोप लागते ना?" असं अधांतरी विचारायचो. तरी मास्तर बोलायला लागला. आधी मागाबद्दल. ताण्याचा धागा तुटला तर गाठ अशी मारायची की बोट फिरवलं तरी लागू नये, ते त्यानं मला खुर्चीवर बसल्या बसल्या दाखवलं. मग घराबद्दल. आणि एका आठवड्यात तो खुर्चीच्या टोकावरच येऊन बसला.

"साहेब, पोरीचा निरोप आलाय."

मुलगी नर्सिंग शिकली होती. हैदराबादच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती, दोन महिन्यांनी जायचं होतं. आईजवळ निरोप दिला होता: जाळीतून बोलणार नाही. रजा काढून घरी ये. एकदा समोर बसून जेवू. मला जे विचारायचंय ते विचारते, मग मी जाते.

शिक्षा झालेल्या कैद्याला वर्षाकाठी काही दिवस घरी जायला मिळतात, त्याला आम्ही फर्लो म्हणतो. मास्तरला आधी एकदा मिळाला होता. तेव्हा सासरच्यांच्या भीतीनं तो घरी गेला नाही, जेऊरला बहिणीकडे राहिला. या वेळी त्यानं अर्जात पूर्व भागातल्या घराचाच पत्ता दिला.

"काय विचारणार ओ ती?" तो म्हणाला. "का मारलंस, येवढंच विचारणार. सात वर्षं झाली, उत्तर न्हाय सापडलं. पण जाऊन बसणार की समोर. उत्तर नसलं तरी बसणार."

मग त्यानं जे सांगितलं ते त्याच्या शब्दांत लिहितो, कारण मी एकदा ते माझ्या शब्दांत लिहून बसलोय.

"मागल्या रजेला, साहेब, शेवटच्या दिवशी बहिणीनं डबा बांधून दिली. मेव्हणा जेऊर स्टेशनावर सोडून गेला. सोलापूरची गाडी आली. मी उठलोच न्हाय. मनात आलं, पलीकडच्या गाडीत बसलो तर मुंबई. कोण धरतंय? दुसरी गाडी आली, ती बी गेली. डबा उघडून खाल्लो. लई वेळ बसलो. तिसरी आली तवा उठलो. का, म्हाईत हाय? पोरगी म्हणंल, मारला आणि पळाला. मारला ते खरं हाय. पळाला ते नको, म्हणालो. आलो गपचिप."

पुनर्वसन म्हणतात ते दुसरं काय असतं? पाटीवर रंगवलेलं, फॉर्मवर छापलेलं, पाहुणे भाषणात सांगतात ते सगळं त्या माणसानं जेऊरच्या बाकड्यावर एकट्यानं केलं होतं. ना समुपदेशक, ना योजना, ना मी. आणि ते त्यानं मला आणून दिलं.

पाळी संपायच्या आत मी फॉर्म काढला. 'इतर उल्लेखनीय बाबी' या रकान्यात लिहिलं: 'मागील रजेवरून परत न येण्याचा विचार मनात आल्याचे बंदी स्वतः सांगतो.'

रकाना लहान होता, असं मी बराच काळ स्वतःला सांगत होतो. रकाना चांगला चार बोटं होता. तिसरी गाडी त्यात सहज मावली असती. पण तिसरी गाडी लिहून माझा बचाव कसा होणार होता? वीस वर्षं जो हात चालला तोच चालला. वर्दी गेलेल्या त्या सोबत्याचा चेहरा डोळ्यांपुढे होता, मास्तरचा नव्हता. आणि ताईंनी सांगितलेलं 'तुमच्या दोघांत'? ते मला आठवत होतं. आठवत असताना लिहिलं.

रजा नामंजूर झाली. मास्तरच्या हातात जो कागद पडला त्यावर कारण दोनच शब्दांत होतं: 'प्रतिकूल अहवाल.'

तो लिंबाखाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "पोलीस ठाण्यानं घातली बघा काडी. सासऱ्यांची वळख हाय तितं."

आणि मी काय म्हणालो? "ठाण्याचं असंच असतं."

इतकं सहज म्हणालो की मलाच पटलं. ऑफिसात जाऊन फाइल बघितली तेव्हा मात्र खरं काय ते कळलं. ठाण्याचा अहवाल चांगला होता. 'हरकत नाही' असं स्पष्ट लिहिलेलं. खाली आमच्या जेलच्या अभिप्रायात माझी ओळ, अक्षरनअक्षर.

क्लार्क खूश होता. "बरं झालं बे तू लिहिलास. पळाला असता तर आपली वाट लागली असती."

"ती नोंद अर्धी आहे," मी म्हणालो. "तो परत आला होता की. स्वतःहून आला होता."

"मग आता काय करू? कागद वर गेला. हात घालून काढू का?"

"मी खुलासा लिहून देतो."

त्यानं चष्मा काढला. "दे की. मग इचारतील, आधी तसं का लिहिलं? खोटं लिहिलं का? तुझी प्रमोशनची फाइल बी त्याच टेबलावर हाय, तेवढं ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. खुलासा दिला नाही.

दोन आठवड्यांनी मुलाखतीच्या दिवशी गेटवर भेटायला येणाऱ्यांची नावं उतरवायची माझी ड्यूटी होती. मास्तरची बायको नाव लिहून आत गेली. तिच्याबरोबर आलेली मुलगी आत आली नाही, समोरच्या चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभी राहिली. ऊन रणरणत होतं. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. बापाचंच कपाळ. मी ओळखलं आणि वहीत डोकं खुपसलं. थोड्या वेळानं ती रस्ता ओलांडून माझ्या टेबलापाशी आली.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"आई म्हणते बाबांची रजा नामंजूर झाली. मागं तर मिळाली होती की. आत्याकडे राहून आले. मग आत्ताच कशी नाही मिळाली?" तिनं आवाज खाली केला. "मला खरं सांगा. त्यांनी अर्ज केला होता का? का आई मला बरं वाटावं म्हणून सांगतीय?"

उत्तर एका शब्दाचं होतं. केला होता. त्याच्या पुढचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. ओळ माझी, अक्षर माझं, हे काही सांगायची गरज नव्हती. नुसतं 'केला होता, पोरी' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "अर्जबिर्ज ऑफिसात असतात. मला काय माहीत नाही."

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"इथं लई लोक आहेत, बाई."

"बरं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे केलाच नाही."

ती आईसाठी थांबलीसुद्धा नाही. रिक्षात बसली आणि गेली. पुढच्या आठवड्यात हैदराबादला गेली, हे मला मास्तरकडूनच कळलं.

त्याच वर्षी जेलमध्ये कार्यक्रम झाला. उत्कृष्ट पालक अधिकारी म्हणून माझा सत्कार झाला. निकष काय, तर सगळ्यांत जास्त फॉर्म पूर्ण भरलेले! माझा एकही रकाना रिकामा नसायचा. स्टेजवर मास्तरनं विणलेली सतरंजी अंथरली होती. पाहुणे तीवर बूट घालून उभे राहिले आणि म्हणाले, विश्वास ही सुधारणेची पहिली पायरी आहे. टाळ्या पडल्या. मास्तर खाली रांगेत मांडी घालून बसला होता, तोही टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, तो माइक हिसकावून घ्यावा आणि विचारावं: अरे, आम्हाला इतकी वर्षं फक्त लिहायला शिकवलंत, घाबरायला शिकवलंत, आणि दोन दिवसांत म्हणता ऐका? कुणाच्या जिवावर? समुपदेशकाची खुर्ची रिकामी ठेवून माझ्या हातात फॉर्म देणारे तुम्ही कोण?

विचारलं नाही. शाल घेतली, खाली उतरलो. एवढा राग होता तर गेटवर दोन शब्द का फुटले नाहीत? खात्यावरचा माझा राग खरा आहे. पण 'मला काय माहीत नाही' हे वाक्य खात्यानं लिहून दिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मास्तरनं पुन्हा अर्ज केला. पुन्हा नामंजूर. नवा कागद, नवी तारीख, ओळ तीच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. कुणी मास्तरला विचारलं नाही, मला विचारलं नाही. जुन्या अभिप्रायावरून नवा उतरवायचा, खाली सही. मी जिवंत असून माझी ओळ माझ्याशिवाय काम करत होती.

गेल्या महिन्यात मी शेडमध्ये गेलो. मास्तर मागावर बसला होता. काठी घेऊन गेलो होतो, ती दाराशी टेकवली. उभ्यानंच सांगितलं. पोलीस ठाणं नव्हतं, मी होतो. जेऊरचं तू सांगितलंस ते मी लिहिलं, आणि अर्धंच लिहिलं.

त्याचा धोटा थांबला. तुटलेला एक धागा त्यानं शोधला, गाठ मारली, बोट फिरवून बघितलं.

"जेऊरचं मी बायकोला बी सांगितलं न्हवतं," तो म्हणाला.

त्यानं धोटा पुन्हा हातात घेतला.

"त्या ताईंनी तुमाला नुसतं ऐका म्हणून सांगितलं होतं न्हवं?"

"व्हय."

"मग ऐकायचं की ओ." त्याचा आवाज चढला नव्हता. "पोरगी अजून म्हणती, बापानं अर्जच केला न्हाय. आईचं ऐकत न्हाय. कोण भरवून दिलं तिला, देव जाणे."

तिथे मला तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. काठी घेतली आणि निघालो.

त्यानंतर मी लेखी खुलासा दिला. माझी नोंद अपुरी होती, बंदी मागील रजेवरून स्वतःहून वेळेत हजर झाला, सबब ती नोंद त्याच्याविरुद्ध धरू नये, असं लिहून ऑफिसात पोचवलं. मलाच नोटीस आली, आधीची नोंद खोटी होती काय? उत्तर दिलंय. काय होईल ते होईल. रजेचा निर्णय अजून यायचा आहे.

मास्तर आता लिंबाखाली येतो पण खुर्चीवर बसत नाही. जेवलात का, व्हय. काही त्रास, न्हाय. साहेब, जाऊ का? जुन्या सुभेदारांना असाच कैदी आवडायचा. फॉर्मचा तो रकाना मी रिकामा सोडतो. ऑफिसातून विचारणा होते, होऊ दे.

त्याची मुलगी हैदराबादला आहे. पत्ता तिच्या आईकडे आहे, मागितला तर मिळेल. मी अजून मागितलेला नाही. तुझ्या वडिलांनी अर्ज केला होता, मला ते माहीत होतं, आणि गेटवर मी तुला खोटं सांगितलं, हे तिच्यासमोर उभं राहून सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.